भर दुपारची गुड नाईट

समजा, तुमच्या हातात कुऱ्हाड आहे. समोर मांडीएवढा जाड खांब आणि त्या खांबाच्या आधारावर पंधरा टनांची नवी कोरी होडी उभी आहे. तुमच्यासारखेच आणखी पाच जण एका रांगेत. सहा खांब, सहा कुऱ्हाडी. काम एवढंच की, खांब बुडाशी तोडत जायचा, पण एका वेळी बोटभरच. एका माणसाचा आवाज येतो, घाव घालायचा आणि थांबायचं. पुन्हा आवाज, पुन्हा घाव. तुम्ही घाई केलीत तर तुमचा खांब आधी मोडतो आणि शेजाऱ्यावर भार जातो. कुचराई केलीत तर सगळी होडी तुमच्याच खांबावर रेलते. सहाही खांब सारखेच आखूड होत गेले, तरच ती होडी डबक्यात बसणाऱ्या म्हशीसारखी सावकाश, स्वतःच्या मर्जीने कुशीवर येते. मग तिला ओंडक्यांवरून समुद्रात ओढत न्यायचं.

मी कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर वीजघरात काम करते. भार, ताण, कोन ही माझी रोजची भाषा. तरी त्या शनिवारी विंडवर्ड गावच्या किनाऱ्यावर उभी असताना मला एकही सूत्र आठवलं नाही. मी फक्त तोंड उघडं टाकून बघत होते.

पण ही गोष्ट कुऱ्हाडवाल्यांची नाही. त्यांच्यापासून वीस पावलांवर, बदामाच्या झाडाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत पांढरी टोपी घालून बसलेल्या मिस व्हर्ना पिडस्काल्नींची आहे. वय एकाहत्तर. त्या दिवशी त्या होडीची धर्ममाता होत्या, आणि तीन दिवसांनी सुटणाऱ्या विमानाचं तिकीट त्यांच्या स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याखाली ठेवलेलं होतं. बेटावर ते दोनच माणसांना माहीत होतं. एक त्या, दुसरी मी.

मिस व्हर्ना कॅरियाकू बेटावर आल्या अकरा वर्षांपूर्वी, कॅनडाच्या गव्हाच्या मुलखातून. तिकडे त्यांनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. हिवाळ्यात पापण्यांवर बर्फ जमायचा. नवरा वॉल्टर म्हणायचा, नोकरी संपली की कुठेतरी उबेत जाऊ, समुद्राकाठी. त्याने विंडवर्डमधलं एक निळ्या खिडक्यांचं घर पत्रापत्री करून ठरवलं, आणि त्याच हिवाळ्यात तो गेला. घर ठरलंच आहे तर दोन आठवडे बघून येऊ, म्हणून या एकट्याच निघाल्या. समुद्र त्यांनी साठाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. ग्रेनाडाहून येणाऱ्या फेरीबोटीत त्या दोन तास कठडा धरून उभ्या होत्या, आणि शेवटी त्यांनी खलाशाला विचारलं, "एवढं सगळं सपाट, आणि कुणीच पेरलेलं नाही?"

खलाशी म्हणाला, "बाई, पेरणारा वेगळा आहे. आम्ही नुसते कापणीला जातो."

त्या दोन आठवड्यांची अकरा वर्षं झाली.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून जे झालं, ते गावाने त्यांना कधी विसरू दिलं नाही. शेजारच्या घरात सिप्रियन बेथेल राहायचे, सगळ्यांचे सिपकाका. होड्या बांधणारे. मिस व्हर्नांनी ओळख करून घ्यायची म्हणून पाव भाजला, फडक्यात गुंडाळला आणि दिवस मावळल्यावर त्यांच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. ओसरीवरच्या अंधुक उजेडातून सिपकाकांचा आवाज आला, "गुड नाईट!"

बिचारी बाई वरमली. म्हातारा झोपायला निघालेला दिसतो. त्यांनीही "गुड नाईट" म्हटलं आणि गरम पाव घेऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी जरा लवकर गेल्या. पुन्हा "गुड नाईट!" पुन्हा परत. तिसऱ्या दिवशी तर ओसरीवर चार माणसं बसलेली, हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. ही दिसताच चौघांनी मिळून "गुड नाईट!" म्हटलं. मिस व्हर्नांना रडूच आलं. एवढं तोंडावर हाकलतात का कुणाला?

इकडे सिपकाका आपल्या बहिणीला विचारत होते. ही बहीण म्हणजे टँटी यूरिस, साऱ्या गावाची मावशी आणि कोपऱ्यावरच्या दुकानाची मालकीण. "यूरिस, या गोऱ्या बाईचं काय बिनसलंय? रोज येते, गुड नाईट म्हणते आणि पाव घेऊन परत जाते. पाव फिरवायला आणते का?"

आता याचा अर्थ मला कळला तोही, तिथे नवी असताना मीही अशीच फसले म्हणून. बेटावर सूर्य बुडाला की गुड नाईट म्हणजे निरोप नव्हे, ती हाक असते. आलीस का, ये, बस. आपल्याकडे माणूस निघताना "येतो" म्हणतो. परक्याने ते ऐकून त्याच्यासाठी चहा टाकून वाट बघत बसावं, तसं हे झालं होतं. टँटी यूरिस दुसऱ्या दिवशी मिस व्हर्नांच्या दारात गेली, त्यांचं मनगट धरलं आणि ओढतच भावाच्या ओसरीवर आणून बसवलं. "बस. पाव काढ. आणि पुन्हा कुणी गुड नाईट म्हटलं तर पळालीस तर बघ!"

तेव्हापासून गावात त्यांना बघितलं की लोक पुस्ती जोडतात. "गुड नाईट, मिस व्हर्ना! म्हणजे ये हं, जाऊ नको!"

सिपकाकांनी ती होडी बांधायला घेतली चार वर्षांपूर्वी, वयाच्या पंचाहत्तरीत. तळाचा मुख्य वासा गयानाहून आला होता, लोखंडासारख्या जड लाकडाचा, तीस फूट लांब. तो ट्रकवर लादून किनाऱ्यापर्यंत न्यायचा तर वाट अशी अरुंद की ट्रक उलटाच न्यावा लागणार, उतारावरून, दोन वळणं घेत. ट्रकवाला खाली उतरला आणि म्हणाला, "मला दोन लेकरं आहेत, सिपकाका." तासभर नुसती चर्चा. मिस व्हर्ना हातात कॉफीचा मग घेऊन बघत होत्या. त्यांनी मग टँटीच्या हातात दिला, ट्रकमध्ये चढल्या, आरसे आपल्या उंचीला जुळवून घेतले आणि ते तीस फुटी धूड मागे मागे नेत एकाच दमात बदामाच्या झाडाखाली लावलं. कुठे फांदी मोडली नाही, कुणाचं कुंपण हललं नाही.

 मग सिपकाका म्हणाले, "बाई, हे कुठे शिकलीस?"

"मागे पस्तीस पोरं बसलेली असायची," मिस व्हर्ना म्हणाल्या, "आणि रस्त्यावर बर्फ."

त्या दिवसापासून रोज सकाळी झाडाखालची ती खुर्ची त्यांची झाली. चार वर्षं त्या बघत राहिल्या, आणि मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून. सिपकाकांकडे नकाशा नव्हता. एक कागदसुद्धा नव्हता. होडीची बरगडी हवी असली की ते डोंगरात जायचे, पांढऱ्या सीडरची झाडं बघत हिंडायचे आणि तेवढाच बाक घेऊन वाढलेलं एखादं झाड शोधून त्याच्या खोडावर थाप मारायचे. "ह्याच्यातच आहे. फक्त बाहेर काढायची." मी एकदा न राहवून विचारलं, "काका, दोन्ही बाजू सारख्या आहेत हे कसं कळतं? मोजत तर नाही तुम्ही."

"लाइटवाले," ते म्हणाले, मला तिथे हेच नाव आहे, "तू तुझ्या आईला ओळखतेस ते काय मोजून?"

 पण शिकलेली खोड जात नाही. एका रविवारी ते चर्चमध्ये असताना मी वीजघरातलं किरणांनी अंतर मोजायचं यंत्र घेऊन गेले आणि दोन्ही बाजू दहा ठिकाणी मोजल्या. जास्तीत जास्त फरक निघाला माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मी यंत्र बिघडलंय समजून पुन्हा मोजलं. तोच आकडा. मिस व्हर्ना खुर्चीतून बघत होत्या. म्हणाल्या, "झालं समाधान? आता दुपारी त्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवणार आहेस?"

नोव्हेंबरात मिस व्हर्ना पडल्या. पहाटे अंगणातल्या नळाशी पाय घसरला, आणि खुब्यात अशी कळ गेली की हलता येईना. तासभर त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. बेटावर लहानसा दवाखाना आहे, मोठ्या कामाला बोटीने ग्रेनाडा. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पुढच्या वेळी नशीब असंच असेल असं नाही. मिस व्हर्नांची मुलगी कॉलिन कॅनडातून फोनवर रडली. मी तेव्हा त्यांचा फ्रिज दुरुस्त करत होते, त्यामुळे ऐकू आलं.

"आई, तासभर! तासभर कुणाला पत्ता नव्हता! पुढच्या वेळी काय, दिवसभर?"

तिचं चुकत नव्हतं. फोनवर तिला एवढंच दिसत होतं की आई एक तास जमिनीवर होती. त्या तासानंतर काय झालं ते मिस व्हर्ना तिला सांगू शकल्या नाहीत. रोज साडेसहाला दुकानासमोरून जाताना त्या "गुड मॉर्निंग" म्हणतात. त्या दिवशी ते आलं नाही. टँटी यूरिसने सात वाजता दुकानातल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "आज व्हर्नाचं गुड मॉर्निंग कुणी ऐकलं का?" कुणी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक तसंच सोडून, हातात अर्धा कापलेला खारा मासा घेऊन ती धावली. हातात तोच मासा, आणि मिस व्हर्नांच्या डोक्याशी बसलेली टँटी. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोघींना माशाचा वास येत होता.

पण हे फोनवर कसं सांगणार? मिस व्हर्नांनी मुलीला सांगितलं, "ठीक आहे. येते मी. मे महिन्यात." कॉलिनने तिकीट काढलं.

आणि जानेवारीत सिपकाका स्वच्छ शर्ट घालून, टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात आले. "मिस व्हर्ना, मे महिन्यात होडी पाण्यात जाईल. तू तिची धर्ममाता हो."

धर्ममाता म्हणजे मिरवायचं नुसतं पद नव्हे. होडीचं नाव मालकाने, म्हणजे इथे सिपकाकांनीच, आधी ठरवून, कोरून झेंड्याखाली झाकलेलं असतं. तो झेंडा धर्ममातेने ओढायचा आणि नाव सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं उच्चारायचं. आणि पहिल्या सफरीवरून होडी परत येते तेव्हा तिने किनाऱ्यावर उभं राहायचं. आई दारात नसली तर लेकरू घरात कसं शिरणार, असं म्हणतात.

मिस व्हर्नांनी हो म्हटलं. मग रात्रीच्या भाजीतलं मीठ विसरल्या, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. "पोरी, मी दोन ठिकाणी हो म्हणून बसलेय. आणि दोन्ही हो खरे आहेत."

"सिपकाकांना सांगा ना."

"काय सांगू? तुझ्या लेकराला मी नाव देते, पण त्याचं तोंड बघायला थांबत नाही?"

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही. हे मी शपथेवर लिहिते, कारण पुढे त्याच्यावरून माझ्यावर आळ आला.

शनिवारी सकाळपासून किनाऱ्यावर तीनेकशे माणसं. दगडांच्या चुलींवर मोठाल्या हंड्यांत तुरीचे दाणे, बकऱ्याचं मटण, मक्याच्या पिठाचा घोटलेला गोळा. पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं, टँटी यूरिसने तांदूळ उधळले, आणि सिपकाकांनी होडीच्या नाकाडावर बेटाची रम ओतली, इतकी कडक की तिच्यात बर्फ टाकला तर बुडतो. कुणीतरी ओरडलं, "पुरे, काका! होडी झिंगली तर व्हेनेझुएलाला जाईल!"

मग मिस व्हर्नांना हाक आली. काठी टेकत त्या होडीपाशी गेल्या. मागच्या फळीवर लाल-हिरवा-पिवळा झेंडा ठोकलेला होता.  त्यांनी झेंडा ओढला. आणि बघतच राहिल्या.

पांढऱ्या रंगावर निळ्या अक्षरांत कोरलेलं होतं: गुड नाईट.

 मिस व्हर्नांनी मागे वळून सिपकाकांकडे बघितलं. ते आभाळाकडे बघत होते, जणू पावसाचा अंदाज घेताहेत.

"मोठ्याने, व्हर्ना!" टँटी ओरडली. "आम्हाला वाचता येत नाही असं समज!"

त्यांनी श्वास घेतला. एकतीस वर्षं बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचलेला तो आवाज. "गुड नाईट!"

आणि भर दुपारी, डोक्यावर सूर्य असताना, तीनशे माणसांनी एकसाथ उत्तर दिलं, "गुड नाईट, मिस व्हर्ना!" मागच्या डोंगरावरून ते परत आलं. लोक पोट धरून हसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते, आणि मिस व्हर्नांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.  

मग कुऱ्हाडी. सिपकाकांचा आवाज, घाव, शांतता. आवाज, घाव, शांतता. चाळीस मिनिटं. होडी इतकी हळू कलत होती की ती कलते आहे हे सावलीवरून कळायचं. शेवटचा खांब सुटला तेव्हा ती एक लांब उसासा टाकून ओंडक्यांवर टेकली. पोत्यावर मांजर बसावं तसं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पुढे दोर. खोल पाण्यात नांगर टाकून त्यावरून फिरवून आणलेला, मनगटाएवढा जाड. दीडशे माणसं दोराला, एक जण गाणं सांगणार, बाकीचे धरणार, आणि गाण्याच्या ठोक्यावर ओढ. होडी अर्धी वाट गेली आणि अडली. एक ओंडका वाळूत रुतला होता. गाणं थांबलं. सिपकाका गुडघ्यावर बसून तळाकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच म्हातारा दिसला. होडीला अशी कुशीवर दिवसभर पडू दिलं तर तिच्याच वजनाने फळ्या उकलतात.

मिस व्हर्ना खुर्चीतून उठल्या. टँटी म्हणाली, "बस खाली! खुबा काय कॅनडातून मागवणार आहेस?" त्यांनी काठी टँटीच्या हातात दिली, चार वर्षांपूर्वी कॉफीचा मग दिला होता तशीच, आणि होडीच्या बाजूने चालत जाऊन वाकून बघितलं.

"सिप, पुढे ओढू नका," त्या म्हणाल्या. "आधी मागे घ्या. हातभर मागे. मग पुढे. बर्फात चाक रुतलं की असंच काढतात."

सिपकाकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग दोरवाल्यांना म्हणाले, "ऐकलंत ना? धर्ममाता काय म्हणते?"

दोर सोडून माणसांनी खांदे लावले आणि होडी हातभर मागे आली. रुतलेला ओंडका काढून पुन्हा घातला. मग गाणं सुरू झालं, आणि या वेळी दोराच्या शेवटी मी होते, माझ्यापुढे मिस व्हर्ना, आणि कुणाच्या बोलण्याला त्यांनी भीक घातली नाही. गुड नाईटने पाण्यात पाऊल टाकलं, एकदा डुलली, आणि सरळ उभी राहिली. अगदी सरळ. मोजायची गरज नव्हती.

रविवारी त्यांनी मुलीला फोन केला. मी फ्रिजचं कारण काढून तिथेच होते. "कॉलिन, मंगळवारी मी येत नाही. शुक्रवारी एक होडी परत येणार आहे, आणि किनाऱ्यावर माझ्याशिवाय उभं राहणारं कुणी नाही."  कॉलिन म्हणाली, "आणि तू पुन्हा पडलीस तर?" मिस व्हर्ना म्हणाल्या, "पडले तर साडेसहाला कळेल. उशिरात उशिरा सात." कॉलिन त्यावर काय म्हणाली ते मी लिहीत नाही. ती डिसेंबरात आली, महिनाभर राहिली, आणि पहिल्या संध्याकाळी सिपकाकांच्या फाटकाशी गुड नाईट ऐकून परत वळली.

पण मिस व्हर्नांच्या मनातून एक गोष्ट जात नाही. होडीवरचं नाव कोरलेलं होतं एप्रिलमध्ये, त्यांचं तिकीट डब्याखाली असताना. आधी त्यांना वाटलं मीच फुटले. मी नाही. मग सिपकाकांना कळलं होतं का? झाडातली बरगडी दिसते त्या माणसाला साखरेच्या डब्याखालचा कागद दिसत नसेल? आणि कळलं असेल, तर ते नाव काय म्हणून ठेवलं?

त्यांनी सरळ जाऊन विचारलं. एकदा नव्हे, दहादा. मी बरोबर होते तेव्हाची गोष्ट: सूर्य बुडालेला, फाटकाशी मिस व्हर्ना, हातात पाव. "सिप, आज उत्तर घेतल्याशिवाय जाणार नाही. खरं सांग."

ओसरीवरच्या अंधुक उजेडातून आवाज आला, "गुड नाईट!"

त्या गेल्या, बसल्या, पाव कापला. सिपकाका चार घास खाऊन खुर्चीतच पेंगले. परत येताना त्या रस्त्यात थांबल्या. खाली खाडीत होडी नांगरावर हळूहळू डुलत होती, नावाची मागची फळी तेवढी पांढुरकी दिसत होती.

"तू शिकलेली आहेस, तूच सांग," त्या म्हणाल्या. "त्या झेंड्याखालून तो मला ये म्हणत होता, की खुशाल जा म्हणत होता?"